चौदा मिलिमीटरांचे अतिक्रमण

एर्लेनवाइलर गावात, गोटहिल्फ रेम्बोल्ड यांच्या घरामागे जी लांबट खोली होती, तिच्यात गेली पस्तीस वर्षे एकच दिवस चालू होता. तो दिवस म्हणजे मंगळवार, पंधरा जुलै एकोणीसशे अठ्ठावन्न. तेथे सूर्य मावळत नसे. गवत कापणीला आलेले असे, पण कापणी होत नसे. फलाटावरचे एक स्थूल गृहस्थ पस्तीस वर्षे खिशातून घड्याळ काढीत होते आणि ते अजून पुरते बाहेर आले नव्हते. दुपारी दोन वाजून सात मिनिटांची गाडी मात्र दोन वाजून सात मिनिटांनीच येई, आणि तिच्या इंजिनाच्या कपाळावरचा क्रमांक त्या दिवशी त्या मार्गावर खरोखर धावलेल्या इंजिनाचाच असे. बाहेरच्या जगात साम्राज्ये उठली आणि बसली, चलन बदलले, गावातला शेवटचा पाववालाही दुकान मिटून गेला. आत स्टेशनमास्तरांच्या हातातली हिरवी तबकडी तसूभर खाली आली नाही.

ही सृष्टी रेम्बोल्ड यांनी एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात निर्मिली होती. सृष्टीत त्यांनी स्वतःला कोठेही उभे केले नव्हते. निर्मात्याला तिकीट लागत नाही, एवढे त्यांना कळत होते.

रेम्बोल्ड हे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी. एकतीस वर्षे त्यांनी त्या खोऱ्यातल्या खाटकांचे, वाण्यांचे आणि सोनारांचे तराजू तपासले आणि योग्य ठरलेल्यांना शिशाची मोहर लावली. त्यांच्या कारकिर्दीत एर्लेनताल खोऱ्यात एका सॉसेजचेही वजन चुकले नाही असे म्हणत. निदान ते स्वतः तरी म्हणत. स्नानगृहातल्या वजनकाट्यालादेखील त्यांनी मोहर लावली होती, आणि त्यामुळे त्यांच्या पत्नी रोझविताबाई त्यावर कधीच उभ्या राहिल्या नाहीत.

अशा पुरुषाने छोटी आगगाडी मांडायला घेतल्यावर ती इतरांसारखी कशी मांडावी? इतर लोक लबाडी करतात. खरे स्थानक पाचशे पावले लांब असेल तर त्याचे मॉडेल खोलीत मावत नाही. मग ते त्यास आखडतात. चार सांध्यांचे दोन करतात, फलाट अर्धा करतात, डोंगर चिमटून घेतात आणि पाहुण्यांना सांगतात, "हुबेहूब!" या कर्मास त्या वर्तुळात 'आखडणे' असेच म्हणतात आणि त्याची कोणास लाजही वाटत नाही. रेम्बोल्ड यांच्या लेखी ते पाणी घातलेल्या दुधासारखे होते. एर्लेनवाइलरचे स्थानक चारशे ऐंशी मीटर लांब होते, म्हणून त्यांचे स्थानक साडेपाच मीटर लांब होते. इंचाचीही सूट नाही.

या निष्ठेला साक्षी होते फोल्कमार शेंझ्ले. पूर्वी ते औषधांचे दुकान चालवीत. आता ते छोटी रेल्वे मंडळाचे चिटणीस होते. मंडळाचे सभासद नऊ आणि नियम चौदा. एकदा शेंझ्ले यांनी भिंग लावून पाहिले आणि सांगितले की, स्टेशनमास्तरांच्या टोपीवर जे पांढरे आच्छादन आहे, ते वापरण्याचा हुकूम पुढल्या वर्षी निघाला. रेम्बोल्ड यांनी चिमट्याने टोपी उतरवली आणि त्या दिवसापासून दोघे जिवलग झाले. तरीही तीस वर्षे ते एकमेकांना 'तुम्ही'च म्हणत. 'आता तू म्हण' हे सांगण्याचा मान थोरल्याचा. आणि हे दोघे जन्मले होते एकाच दिवशी. जन्माची वेळ विचारणे दोघांनाही सभ्यपणाचे वाटत नव्हते.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मंडळाच्या कोणत्याही इतिवृत्तात नाही.

एर्लेनताल मार्गावरचे रूळ एकोणीसशे एक्क्याऐंशी साली उखडून नेले. त्याच्या दोन वर्षे आधी, मार्ग मरणपंथाला लागलेला पाहून, रेम्बोल्ड यांनी तो टोकापासून टोकापर्यंत मोजून ठेवला. खांब, मोऱ्या, फाटके, रेल्वेच्या हद्दीचे दगड, सर्व काही. खात्याची पोलादी फीत त्यांच्या हातात होती आणि फितीचे दुसरे टोक नवपरिणीत रोझविताबाईंच्या हातात. पुढे चौऱ्याऐंशी साली खोली बांधायची वेळ आली. स्थानक आणि त्याच्या दोन्ही टोकांची वळणे न आखडता मांडायची तर खोली सात मीटर वीस सेंटिमीटर लांब हवी होती. घरामागे हद्दीपर्यंत जागा होती सहा मीटर. पलीकडे मेलेल्या रेल्वेची ओसाड पट्टी, तीवर काटेरी झुडपे. तिथले हद्दीचे दगड रूळ उखडणाऱ्यांनी केव्हाच नेले होते. रेम्बोल्ड यांनी तीन दिवस विचार केला. स्थानक आखडावे की शेजारच्या जमिनीवर सरकावे? मॉडेलमध्ये असत्य बोलावे की जगात? चौथ्या दिवशी त्यांनी पाया खणायला घेतला. खोली रेल्वेच्या जमिनीत एक मीटर वीस सेंटिमीटर शिरली, आणि आत सत्याचे राज्य सुरू झाले.

हे सारे सुखाने चालले असते. पण जिल्ह्याच्या मंडळींना काय सुचले कोणास ठाऊक, त्यांनी ठराव केला की एर्लेनताल मार्ग पुन्हा बांधायचा आणि त्यावर खरीखुरी गाडी सोडायची.

सगळ्या खोऱ्यात आनंद झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात, त्या देशाच्या रीतीप्रमाणे, आनंदाच्या विरोधात एक समिती स्थापन झाली. समितीचे नाव 'शांत एर्लेनताल'. तिचे पत्रक रोझविताबाईंनी टपालपेटीतून काढले आणि स्वयंपाकघराच्या मेजावर, मसुराच्या आमटीच्या पातेल्याशेजारी ठेवले.

"गोटहिल्फ, अध्यक्ष म्हणून तुझं नाव आहे यावर."

"कुणाचं तरी असणारच."

"आगगाडीच्या विरोधात? तू?"

"आगगाडीच्या विरोधात कोण आहे? मी त्या आगगाडीच्या विरोधात आहे. चित्र बघितलंस का तिचं? पुढून घरात घालायच्या सपातेसारखी दिसते. वाफ नाही, गार्ड नाही, स्टेशनमास्तर नाही. दारसुद्धा बटण दाबून उघडायचं."

"मग दाबीन की. कमरेचं हाड बदललंय माझं, बोट शाबूत आहे."

रेम्बोल्ड यांनी आमटीत सॉसेज बुडवले.

"आवाज किती होईल, विचार केलायस?"

"पस्तीस वर्षं भिंतीपलीकडून शिट्ट्या ऐकतेय मी. कधी विचार केला नाही, आता कशाला करू?" बाईंनी वाडगे बाजूला सारले. "इथून बस दिवसाला दोन. एक पहाटे, दुसरी आली तर. शहरात माझं गायनमंडळ आहे, पाच महिने गेले नाही मी तिकडे. माझ्या जागेवर आता ती लोकरीच्या दुकानवाली उभी राहते, आणि तिला वरचा सूरसुद्धा धरता येत नाही."

"मी सोडतो ना मोटारीनं."

"गायन गुरुवारी असतं. गुरुवारी तुझी मालगाडी असते."

हे खरे होते. गुरुवारी मंगळवारची मालगाडी असे.

"आणि तुझ्या गाडीत बस असं म्हणू नकोस हं," बाई उठता उठता म्हणाल्या. "तिच्यात बसायचं तर सत्त्याऐंशी पट लहान व्हावं लागेल. आखडलेली माणसं तुला चालत नाहीत."

पुढच्या शनिवारी रेम्बोल्ड यांच्या दाराच्या डाव्या फळीवर 'शांत एर्लेनताल' अशी पाटी लागली आणि उजव्या फळीवर 'गाडी आलीच पाहिजे' अशी. पतिपत्नींनी नेहमीप्रमाणे घरापुढचा रस्ता झाडला, पण या वेळी प्रत्येकाने आपापला अर्धा. बाई काठी टेकत गावभर सह्या गोळा करू लागल्या. रेम्बोल्ड समितीच्या सभांत भाषणे करू लागले. "चाळीस वर्षे मी रेल्वेसाठी जगलो आहे, म्हणूनच सांगतो, ती येता कामा नये!" यावर टाळ्या पडत. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणी रेल्वेच्या पट्टीवर भाजीचे वाफे केले होते, कोणी मोटारीची छपरी घातली होती. शांततेची एवढी ओढ पूर्वी त्या गावाला कधी लागली नव्हती. पण भिंत कोणाची नव्हती. भिंत एकट्या रेम्बोल्ड यांची होती. आणि ती मागे हटली असती तर पंधरा जुलैचा दिवस मध्येच कापावा लागला असता.

मग एके दिवशी नेर्मिन ऐदिन नावाच्या मोजणी अभियंता आल्या. वय तिशीचे, पायात चिखलाचे बूट, बोली अस्सल खोऱ्यातली. त्यांचे वडील रूळ उखडणाऱ्या टोळीत होते आणि मुलगी आता तेच रूळ परत बसवायला आली होती. घराण्याला रोजगार पुरेल अशी सोय सरकार करते, असे त्या स्वतःच हसून म्हणत.

"हेर रेम्बोल्ड, अडचण अशी आहे," मागच्या कुंपणाशी उभ्या राहून त्या म्हणाल्या. ('हेर' म्हणजे तिकडचे 'श्रीयुत'.) "जुन्या नकाशावर हद्द आहे, पण ती रेघच जमिनीवर दीड मीटर जाड भरते. तुमची ही भिंत नेमकी रेघेच्या पोटात आहे. आत की बाहेर, काही कळत नाही."

"दगड?"

"दगड बाबांनी ट्रकात भरले. कुणाच्या तरी बागेत फुलझाडांभोवती लागले असतील. पण गावात म्हणतात, तुम्ही तेव्हा सगळं मोजलं होतं, आणि तुमच्या त्या मॉडेलमध्ये हद्दीचा दगडसुद्धा आहे. खरं का?"

नाही म्हणावे असे रेम्बोल्ड यांच्या मनात येऊन गेले. पण त्यांच्या मॉडेलमध्ये एखादी वस्तू नाही, हे वाक्य त्यांच्या जिभेला उच्चारताच येईना.

"आहे," ते म्हणाले. "सगळं आहे."

"मग येऊ का बघायला? गुरुवारी, तीन वाजता?"

"या," रेम्बोल्ड म्हणाले. हातात पाच दिवस होते.

रविवारी रोझविताबाई चर्चला गेल्या आणि रेम्बोल्ड खोलीत शिरले. रविवारी यंत्राचा आवाज करणे निषिद्ध असल्यामुळे त्यांनी ते पाप हाताने केले. रुळाच्या मध्यापासून सहा मीटर चाळीसवर, म्हणजे मॉडेलमध्ये त्र्याहत्तर पूर्णांक सहा दशांश मिलिमीटरवर, तांदळाच्या कणीएवढा हद्दीचा दगड उभा होता. तो त्यांनी पात्याने सोडवला आणि चौदा मिलिमीटर रुळाकडे सरकवून पुन्हा चिकटवला. काटेकोर बोलायचे तर तेरा पूर्णांक आठ. लबाडीतही त्यांनी दशांश सोडला नाही. एकतीस वर्षे ज्या हाताने मोहरा लावल्या, त्याच हाताने.

परंतु असत्याचा स्वभाव असा की त्याला एकटे राहवत नाही. दगड सरकला, तेव्हा दगडाला लागून असलेले तारेचे कुंपण अधांतरी लोंबू लागले. ते सरकवावे लागले. कुंपण सरकले तेव्हा फाटकवाल्याची शेळी कुंपणाच्या पलीकडे राहिली. शेळी आत घेतली तर तिने खाल्लेल्या गवताचे टक्कल बाहेर राहिले. तेथे नवे गवत पेरले, तर शेळी एकोणीसशे अठ्ठावन्न साली काय खात होती हा प्रश्न उभा राहिला. चेरीचे झाड मुळांसकट उपटून पुढे आणावे लागले, आणि झाडाखाली डबा उघडून बसलेल्या गँगमनला जेवणावरून उठवावे लागले. बुधवारच्या संध्याकाळपर्यंत त्या गरीब खेड्याची एक बाजू पार विस्थापित झाली होती. रेम्बोल्ड यांनी चार दिवसांत धड जेवण केले नाही. आणि तरीही, काम संपल्यावर मागे सरून पाहताना त्यांना वाटले, सफाई काही औरच आहे! या हाताची लबाडीदेखील दुसऱ्याच्या प्रामाणिकपणापेक्षा नेटकी.

गुरुवारी ठीक तीन वाजता ऐदिनबाई आल्या. शेंझ्ले आधीच हजर होते. चांगला साक्षीदार असावा म्हणून रेम्बोल्ड यांनीच त्यांना बोलावले होते. रोझविताबाईंनी आलुबुखाराचा केक आणि कॉफी आणून खिडकीशी ठेवली आणि त्याही खुर्ची ओढून बसल्या.

"बाप रे," ऐदिनबाई दारातच थबकल्या. "बाबांनी हे बघायला हवं होतं. हा खांब वाकडा होता, ते सांगायचे मला."

"साडेतीन अंशांनी," रेम्बोल्ड म्हणाले.

शेंझ्ले यांनी सवयीने भिंग काढले आणि स्थानकाच्या पश्चिम टोकाकडे वाकले. बराच वेळ ते वाकूनच राहिले.

"हेर रेम्बोल्ड."

"बोला, हेर शेंझ्ले."

"इथलं गवत नवं आहे."

"ऋतूप्रमाणे बदलतं."

शेंझ्ले सरळ झाले. "पंधरा जुलैला?"

रेम्बोल्ड यांचे कान लाल झाले. शेंझ्ले यांनी मित्राकडे पाहिले, मग शेळीकडे, मग भिंग पुसून खिशात ठेवले. "असेल," ते म्हणाले, "माझं डोळ्याचं ऑपरेशन राहिलंय तसं." तीस वर्षांत त्यांनी एखादी चूक सोडून दिल्याचा हा पहिलाच प्रसंग होता, आणि रेम्बोल्ड यांना तो उपकार दंश झाल्यासारखा लागला.

ऐदिनबाईंनी कॅलिपर लावला. "एकोणसाठ पूर्णांक आठ. गुणिले सत्त्याऐंशी... पाच मीटर वीस." त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच आले. "म्हणजे हद्द बरोबर तुमच्या भिंतीला टेकते. भिंत सुटली."

रेम्बोल्ड यांनी श्वास सोडला. खिडकीशी कपबशी वाजली. फितीचे दुसरे टोक जिच्या हातात होते, ती स्त्री त्यांच्याकडे पाहत होती. ती आता बोलेल, मग बोलेल, असे वाटत असताना ती केकचा तुकडा कापू लागली.

"पण मला एक सांगा," ऐदिनबाई वही चाळत म्हणाल्या, "खालच्या खोऱ्यात मला दोनशे बारा दगड जागेवर सापडले. सगळे सहा मीटर चाळीसवर. दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे. साऱ्या मार्गावर एकच हा दगड पाच वीसवर कसा?"

"तो... तसा होता," रेम्बोल्ड म्हणाले.

"असू दे, असू दे. घाबरू नका." त्या हसल्या. "शेवटी छंद आहे तो. घरात बसून केलेलं मॉडेल, इकडे तिकडे व्हायचंच. मी असं लिहिते की मॉडेल अंदाजे आहे, त्यामुळे पुरावा म्हणून धरता येत नाही. पुरावा नाही म्हटल्यावर शंकेचा फायदा तुम्हाला. भिंतीला कुणी हात लावणार नाही. फक्त इथे फलाटाला जागा उरणार नाही, तेव्हा थांबा खालच्या गिरणीपाशी जाईल, अडीच किलोमीटरवर. गावातून गाडी नुसती निघून जाईल." त्यांनी कागद पुढे केला. "इथे सही."

रेम्बोल्ड यांनी चष्मा लावला. छापील अर्ज होता. 'सादर केलेले साहित्य' या रकान्याखाली दोन चौकटी होत्या: अचूक, अंदाजे. दुसऱ्या चौकटीत फुली होती.

"हा शब्द बदलता येईल का?"

"कुठला?"

"अंदाजे."

"का बरं? तुमच्याच फायद्याचा आहे."

"'बहुतांशी अचूक' असं काही..."

"दोनच चौकटी आहेत, हेर रेम्बोल्ड."

"समासात एक टीप टाकली तर? 'या एका ठिकाणाचा अपवाद वगळता' अशी?"

"मग मला विचारतील, अपवाद कसला. आणि मग मी तुम्हाला विचारीन."

खोलीत शांतता पसरली. ज्या शांततेसाठी समिती झगडत होती, तीच असावी. दोन सातची गाडी त्या दिवशी सुटलीच नव्हती. रेम्बोल्ड यांच्या हातात लेखणी होती. नुसती एक सही केली की भिंत वाचत होती, खोली वाचत होती, साडेपाच मीटरांचे न आखडलेले स्थानक वाचत होते. त्याची किंमत एवढीच की ते स्थानक अंदाजे आहे असे आपल्या हाताने लिहून द्यायचे. लबाडी त्यांनी चार दिवस केली होती आणि ती सोसवली होती. जमीन त्यांनी पस्तीस वर्षे दाबली होती आणि त्यावर शांत झोप घेतली होती. पण अंदाजे! असे शब्द खाटकांनी वापरावेत. असे शब्द ऐकून त्यांनी भलीभली दुकाने दोन दोन दिवस बंद ठेवली होती.

लेखणी त्यांनी मेजावर ठेवली, रुळांना समांतर.

"सहा चाळीस," ते म्हणाले.

"काय?"

"सहा मीटर चाळीस आहे. दगड मी सरकवला. तेरा पूर्णांक आठ मिलिमीटर. रविवारी." त्यांनी फडताळातून काळ्या पुठ्ठ्याची वही काढून उघडली. "हे पाहा, ऑगस्ट एकोणऐंशी. सहा चाळीस. माझं मॉडेल अचूक आहे. लबाड मी आहे, ते नाही. कृपा करून ती फुली खोडा."

ऐदिनबाईंनी वही वाचली, भिंतीकडे पाहिले, मनाशी हिशेब केला. "म्हणजे भिंत एक मीटर वीस आत आहे आमच्या."

"एक मीटर वीस."

"पाडावी लागेल, हेर रेम्बोल्ड."

"पाडा. पण आधी फुली."

त्यांनी फुली खोडली आणि पहिल्या चौकटीत नवी केली. रेम्बोल्ड यांनी ती दोनदा तपासली आणि मगच सही केली. शेंझ्ले यांनी नाक शिंकरले.

"शेळीचं तेव्हाच कळलं होतं मला," ते म्हणाले. "ती डावखुरी चरायची."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं." ते थांबले. "म्हणजे, तू."

रेम्बोल्ड यांनी काही क्षण तो शब्द तोलून पाहिला आणि मान डोलावली.

ऐदिनबाई गेल्यावर तिघे त्या खोलीत बसून राहिले. वसंतात भिंत मागे येणार होती. सहा मीटरांच्या खोलीत सात मीटर वीस सेंटिमीटरांचे जग मावणार नव्हते.

"थोडंसं आखड रे," शेंझ्ले म्हणाले. "सगळेच आखडतात. मालधक्का काढला तरी पुष्कळ होईल. कुणाला कळणार आहे?"

"त्यापेक्षा मी पाय आखडून घेईन."

"मग करवत चालवशील यावर?"

पश्चिमेच्या वळणावर रेम्बोल्ड यांनी अंगठा ठेवला होता, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. फितीच्या जुन्या साथीदाराकडे त्यांनी मान वर करून पाहिले.

"तू का गप्प बसलीस? एक शब्द बोलली असतीस तरी तुझं काम झालं असतं."

"झालं असतं," रोझविताबाई म्हणाल्या. "आणि मेलेस्तोवर तू म्हणत राहिला असतास, बायकोनं घात केला. तुझं तूच बोलायला हवं होतंस. केक शिल्लक होता, मी वाट बघितली." त्या काठी टेकून उठल्या आणि पूर्वेकडच्या भिंतीवर काठीनेच ठोकले. "याच्या पलीकडे काय आहे?"

"तुझी साठवणीची खोली."

"ही भिंत कच्ची. घर तोलून धरलंय ते हिनं नाही."

रेम्बोल्ड उभे राहिले. भिंतीपलीकडे काय होते ते त्यांना ठाऊक होते: चाळीस वर्षांचे मुरंबे, खारवलेल्या काकड्या, बटाट्यांचा हौद. तेथे त्यांनी कधी फीत लावली नव्हती. ते राज्य दुसऱ्याचे होते.

"एक मीटर वीस मिळेल?" त्यांनी विचारले. खात्यात असताना लोक त्यांच्यापुढे ज्या आवाजात बोलत, तो आवाज त्यांच्या तोंडून निघाला.

"मिळेल. अटी आहेत."

"सांग."

"अध्यक्षपद सोडायचं. उद्याच. आणि सह्यांच्या कागदावर सही करायची. माझ्या खाली, वर नाही."

"केली."

"गाडी सुरू झाली की दर गुरुवारी माझ्याबरोबर शहरात यायचं. गाण्याला आत बसायला नको, बाहेर बाकावर बस. पण गाडीत बसल्यावर ती सपातेसारखी दिसते, पंखे चुकीचे आहेत, रंग त्या काळातला नाही, यातलं काही बोलायचं नाही."

रेम्बोल्ड यांच्या चेहऱ्यावर खरी वेदना उमटली. "एकही शब्द नाही?"

"एकही नाही."

"वेळ पाळली नाही तरी?"

बाईंनी विचार केला. "पाच मिनिटांच्या वर उशीर झाला तर एक वाक्य. लहान."

शेंझ्ले यांनी खिशातून वही काढून अटी लिहून घेतल्या, कारण चिटणिसाच्या हजेरीत झालेला करार तोंडी राहू नये असा मंडळाचा सातवा नियम होता. समितीला रेम्बोल्ड यांचे पत्र दुसऱ्या दिवशी गेले. 'मोजमापविषयक कारणास्तव' राजीनामा, एवढेच त्यात होते. ते वाचून भाजीच्या वाफ्यांचे मालक फार अस्वस्थ झाले, आणि ज्याने छपरी घातली होती त्याने ती त्याच आठवड्यात मुकाट्याने उतरवली.

शनिवारी दारावरची डावी पाटी निघाली. दुपारी रेम्बोल्ड पती-पत्नी साठवणीच्या खोलीतून मुरंब्याच्या बरण्या बाहेर काढीत होते. बाई एकेक बरणी फळीवरून उतरवून त्यांच्या हातात देत होत्या आणि ते ती ओसरीवर नेऊन ठेवीत होते.

"हिच्यावर साल लिहिलेलं नाही," ते थबकून म्हणाले.

"आलुबुखार आहे."

"पण कुठल्या सालचा?"

"खाऊन बघ," बाई म्हणाल्या, आणि पुढची बरणी त्यांच्या हातात ठेवली.